जोडखूण

"बोला की हो काहीतरी," काचेपलीकडून शेडबाळे बाई म्हणाल्या. "यंत्र सुरू झालंय. तुम्हीच गप्प बसलात तर त्याला काय कळणार?"

ऋजुतानं समोर बघितलं. लहानशा टेबलापलीकडे बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. डॉक्टरांकडे ते असेच बसत, लग्नाच्या कार्यालयातही असेच बसत. आई गेली त्या दिवशी माणसं भेटायला येत होती, तेव्हाही असेच बसले होते. टेबलाच्या मधोमध सुपारीच्या डब्याएवढं यंत्र होतं आणि त्यावर एक पिवळा दिवा.

"गाडी वेळेवर होती?" बाबांनी विचारलं.

"हो."

"पुण्याला बदललीस?"

"हो. पुण्याला बदलली."

"बरं केलंस."

आता तिची पाळी होती. वक्तृत्व स्पर्धेत मधेच भाषण विसरावं तशी ती त्या दिव्याकडे बघत राहिली.

"ऊन वाढलंय ना इकडं?" शेवटी ती म्हणाली.

बाबांनी तिचं वाक्य पूर्ण होऊ दिलं. ते पूर्ण झाल्याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, "वाढलंय."

दिवा लाल झाला.

शेडबाळे बाईंनी पडद्यावरचं वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "तोंडओळख दाखवतंय. शेजारी आहात का एकमेकांचे?"

"मुलगी आहे माझी," बाबा म्हणाले.

"सख्खी?"

बाबा उठून टोपी शोधू लागले. टोपी त्यांच्या हातातच होती.

बाहेरच्या बाकावर दोन जावा बसल्या होत्या. एका फ्लॅटवरून दोघींची कोर्टात केस चालू होती, हे त्यांच्या मोठमोठ्या बोलण्यावरून सगळ्या मिरजेला कळत होतं. एकीचं वाक्य दुसरी मधेच तोडत होती, दुसरीचं पहिली संपवत होती. त्या भांडत आत गेल्या आणि दोन मिनिटांत भांडत बाहेर आल्या. हिरवा दिवा घेऊन.

"बघा," शेडबाळे बाई दारापर्यंत येत म्हणाल्या, "असं बोलायचं असतं."

*

माणसाची ओळख चोरणं एके काळी फार सोपं झालं होतं. चोर आधी कार्डावरचे आकडे चोरत. लोक आकडे जपायला शिकले तेव्हा ते बोटांचे ठसे चोरू लागले. मग बुबुळं, मग चेहरा, शेवटी आवाज. आकडा चोरीला गेला तर बँक नवा आकडा देते. बोट चोरीला गेलं तर नवं बोट कुठली बँक देणार?

उपाय सापडला तो भलत्याच ठिकाणी. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत एक बाई तान्ही मुलं आणि त्यांच्या आया यांच्या बोलण्याचा अभ्यास करत होत्या. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. मधली फट आपल्या लक्षातही येत नाही. ती असते साधारण सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी. एवढ्या वेळात ऐकून, समजून, जुळवाजुळव करून उत्तर देणं मेंदूला शक्यच नसतं. म्हणजे समोरचा कुठे थांबणार, हे तो थांबायच्या आधीच आपण ताडलेलं असतं. अनोळखी माणसाच्या बाबतीत हा अंदाज सारखा चुकतो. पण वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांमध्ये या फटींची एक वीण तयार होते. कुठे तोडायचं, कुठे थांबायचं, श्वास कुठे घ्यायचा. प्रत्येक जोडीची वीण वेगळी असते आणि ती दोघांपैकी एकाजवळही नसते. ती दोघांच्या मधे असते.

जे एकट्या कुणाजवळ नाहीच, ते चोरायचं कुणाकडून?

यालाच जोडखूण म्हणू लागले. खातं उघडायचं, सही करायची, कार्ड घ्यायचं, घर विकायचं, तर आपल्या जोडीदाराशी मिनिटभर बोलायचं. यंत्र शब्द ऐकत नसे, नुसत्या फटी मोजत असे. जोडीदार नवराच हवा किंवा बायकोच हवी असं काही नव्हतं. आई चालत असे, मैत्रीण चालत असे, कोर्टात केस असलेली जाऊ चालत असे. पण माणूस जुनं हवं. ऋजुता नाशिकला एका रुग्णालयाच्या औषधविभागात काम करायची. तिथल्या नफीसाशी तिचं चांगलं जमायचं, म्हणून दोघींनी सहज करून बघितलं होतं. दिवा पिवळ्याचा केशरी झाला आणि तिथेच थांबला. दोन वर्षांच्या ओळखीला एवढंच.

पहिल्या काही वर्षांत लोकांनी पुष्कळ विनोद केले. घटस्फोट घेतलेली जोडपी महिन्यातून एकदा चहाला भेटू लागली. बागेतल्या बाकांवर एकटी माणसं दुसऱ्या एकट्या माणसांशी नेमानं, औषध घेतल्यासारखी, गप्पा मारू लागली. आणि चोऱ्या खरोखरच थांबल्या.

फक्त एक फट राहिली. मरणाची.

जोडीतलं एक माणूस गेलं की दुसरं 'एकल' होई. सरकारी कागदावरचा शब्द तो; लोक 'अर्धा' म्हणत, 'अर्धी' म्हणत. अर्ध्या माणसाला एकदम वाऱ्यावर सोडता येत नाही, म्हणून त्याची जुनी जोडखूण तीन महिने चालू ठेवत. तेवढ्यात त्यानं नवी जोड करायची. नाहीतर पेन्शन, खातं, सही, सगळं गोठायचं. आणि हे तीन महिने चोरांचे असत. ते निधनवार्ता वाचत. गेलेल्या माणसाचा आवाज त्यांनी कुठून तरी मिळवलेला असे. त्या आवाजात ते अर्ध्या माणसाला फोन करत. खोट्या आवाजाला जोडखूण नसते. पण खऱ्या माणसानं त्या आवाजाला उत्तर दिलं, की जुन्या सवयीनं त्याचा श्वास, त्याचं थांबणं, सगळं त्या आवाजाभोवती जाऊन बसे. उरलेलं अर्धं चोरावं लागत नसे. माणूस ते मायेनं स्वतःच भरून देई.

फोन लावला की आधी सूचना ऐकू यायची: गेलेल्या माणसाचा फोन आला तर उत्तर देऊ नका. हुंकारही देऊ नका.

मिरजेत मगदूम सरांनी हुंकार दिला होता. बायकोच्या आवाजाशी ते चार दिवस बोलले. त्यांच्या नावावर कार्डं निघाली, कर्जं निघाली. ते सगळं पुढे फिटलंही असतं. पण आता यंत्राच्या लेखी चोर हाच मगदूम होता आणि मगदूम सर तोतया. ते अजून रोज सकाळी जोडखूण केंद्राच्या पायरीवर येऊन बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपलं नाव सांगत.

ऋजुताची जोड आईशी होती. बाबांचीही आईशीच होती. घरातलं एक माणूस गेलं आणि दोघं अर्धी झाली. तीन महिन्यांतले दोन संपत आले होते.

*

"दुसरं कुणी नाही का बाबा? तुमच्या नोकरीतलं?"

घरी परतताना तिनं विचारलं. बाबा रेल्वेत होते, आयुष्यभर छोट्या-मोठ्या स्टेशनांवर.

"सगळे पुढे गेले," बाबा म्हणाले. 'पुढे' म्हणताना त्यांनी बोटानं रूळ दाखवावेत तसं समोर दाखवलं. थोडं चालून म्हणाले, "तुझं?"

"नाही."

तिनं कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. आई असती तर तिनं ते मधल्या मधे केव्हाच इकडून तिकडे पोचवलं असतं.

ते असंच चालत आलेलं होतं. सहलीला जायचं का, हे ऋजुता आईला विचारायची, आई बाबांना विचारायची आणि उत्तर आईकडून यायचं. बारावीचे मार्क बाबांना आईनं सांगितले. नाशिकची नोकरी, ठरून मोडलेलं लग्न, बदललेलं घर, सगळं आईमार्फत. बाबांची रागाची, काळजीची, कौतुकाची वाक्यंही तिच्यापर्यंत आईच्या आवाजातच आली. "बाबा म्हणत होते, जप म्हणावं." बाबा खरंच असं म्हणत का, असा विचार तिनं पूर्वी कधी केला नव्हता.

ती रोज संध्याकाळी घरी फोन करायची. फोन बहुतेक वेळा बाबाच उचलायचे. "हं, कशी आहेस?" "बरी आहे." "पाऊस आहे का तिकडं?" "नाही." "बरं. थांब, आईला देतो." मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, चपलांची फटफट आणि आईचं "बोल गं!" कॉलेजच्या दिवसांपासून यात एका शब्दाचा फरक पडला नव्हता. मे महिन्यातही ते पाऊस विचारत.

आईचं मात्र बोलणं म्हणजे बोलणं. तिला माणूस पुरत नसे. कार्ड बंद पडणार असल्याची भीती घालून नंबर काढून घेणारी जुनी टोळकी अजून अधूनमधून फोन करायची. बाकीचे लोक शिव्या देऊन फोन ठेवत. आई खुर्ची ओढून बसायची.

"मॅडम, तुमचं कार्ड आज बंद होणार आहे."

"अरे देवा! थांब हं बाळा, कार्ड आणते. पण चष्मा कुठं ठेवला मी? अहो, माझा चष्मा कुठं ठेवला हो?"

मग पलीकडचा थांबायचा. आई निवांत चवळीच्या शेंगा मोडत बसायची. "सापडत नाहीये रे. तू जेवलास का? काय जेवलास? नुसती पावभाजी? अरे, पोटाचं काय करून घ्याल तुम्ही!" एकदा तर तिनं एकाला वरणाला फोडणी कशी द्यायची ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं आणि मग म्हणाली, "कार्ड माझ्याकडे नाहीच मुळी. पण तू पुन्हा फोन कर. बोलावंसं वाटलं तर."

हे ती ऋजुताला फोनवर रंगवून सांगायची आणि दोघी हसून हसून दमायच्या. आईनं चोरांना एक पैसाही दिला नाही, याचा तिला फार अभिमान होता.

पैसा दिला नव्हता. आवाज दिला होता. तासन् तास, वर्षानुवर्षं.

*

दुपारी ऋजुतानं पिठलं केलं. मीठ जास्त झालं. बाबांनी ताट संपवलं आणि हात धुताना म्हणाले, "जरा गॅलरीत बसतो."

ती ओटा पुसत होती. गॅलरीत फोन वाजला. बाबांनी उचलला, पण त्यांचं "हं" ऐकू आलं नाही. काही क्षण काहीच नाही. मग तिला फोनमधून बारीक, पातळ झालेला आवाज ऐकू आला.

"अहो, जेवलात का?"

फडकं तिच्या हातातच राहिलं.

"जेवलात का हो? काय केलं होतं आज?"

ती गॅलरीच्या दारात आली. बाबा आरामखुर्चीत बसले होते. फोन कानाला नव्हता. समोर स्टुलावर ठेवलेला होता, पाहुण्यापुढे ताट मांडावं तसा. डोळे मिटलेले. खांद्यावरच्या पंच्याचं टोक त्यांनी दातांत घट्ट धरलं होतं.

"माझा चष्मा कुठं ठेवला हो मी?" आवाज म्हणाला. मग उत्तराला जागा ठेवून थांबला. बाबांचा जबडा हलला. पंच्याला पीळ बसला. "सापडत नाहीये. बोला ना. काहीतरी बोला ना."

ऋजुता पुढे झाली. फोन बंद करायला तिनं बोट नेलं. आवाज म्हणाला, "पोटाचं काय करून घ्याल तुम्ही!" आणि तिचं बोट तिथेच थांबलं. तोच लाडिक वैताग, 'पोटाचं'वर तोच जोर. बाबांनी डोळे उघडले होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिली, तोंडं मिटून, एखाद्या घरात चोर शिरलाय आणि आपण कपाटामागे लपलोय तशी.

मग तिनं ते बटण दाबलं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

बाबांनी पंच्याचं टोक तोंडातून काढून त्याची नीट घडी केली. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज जेवणानंतर येतो."

"बाबा!"

"मी बोलत नाही. एक अक्षर नाही. ऐकतो फक्त."

"अहो, श्वाससुद्धा पुरतो त्यांना! तुम्ही कुठे श्वास रोखता, कुठे सोडता..."

"म्हणून तर पंचा."

तिला एकदम हसू आलं आणि त्या हसण्याचं पुढे काय होतंय ते कळायच्या आत ती खाली फरशीवर बसली. बाबा खुर्चीतून उठायला निघाले आणि अर्ध्यावर थांबले. अशा वेळी काय करायचं असतं ते आजवर आई करत आली होती.

"ती आई नाही," ऋजुता म्हणाली. "तिनं चोरांना जेवढं सांगितलं तेवढंच आहे ते. जेवण, चष्मा आणि फोडणी. त्यांच्याकडे दुसरं काही नाही."

"माहीत आहे मला."

"मग?"

"चोरीचा असला तरी माल आपलाच आहे, ऋजू."

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. बाबा त्याचा आवाज दूर जाईपर्यंत थांबले.

"मी नवा लागलो तेव्हा आमच्या लहान लाइनवर जुनी यंत्रं होती. दोन स्टेशनांच्या मधे एक गाडी सोडायची तर दोन्हीकडच्या मास्तरांनी एकाच वेळी कळ दाबायची. मग इकडं टोकन सुटायचं, गाडीचा पुढं जायचा परवाना. एकट्यानं कितीही दाबा, सुटत नसे. आधी घंटा द्यायची, पलीकडून घंटा आली की पुढचं." त्यांनी स्टुलावर बोटानं एकदा टकटक केली. "पलीकडचा कोण, कसा दिसतो, कधी बघितला नव्हता मी. आडगाव, आजूबाजूला काही नाही. पण घंटा आली की जिवात जीव यायचा. घंटेत काय सांगतो माणूस? काही नाही. आहे म्हणून सांगतो."

ऋजुतानं वर बघितलं. इतकं एका दमात बोलताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"नवी जोड झाली की जुनी पुसतात," बाबा म्हणाले. "केंद्राच्या दारावरच लिहिलंय तसं. जुनी पुसली की या लोकांना आपला उपयोग नाही. मग फोन येत नाही."

आता तिला कळलं. सकाळी त्या टेबलाशी बाबा तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एवढे का थांबत होते.

"तुम्ही मुद्दाम..."

"मुद्दाम नाही," बाबा घाईनं म्हणाले. मग खाली बघून, "पूर्ण मुद्दाम नाही. मला तुझ्याशी बोलता येत नाही, हे खरंच आहे."

तिला खूप काही म्हणायचं होतं. तीन महिने संपले की तुमची पेन्शन थांबेल. माझ्या औषधांच्या कपाटाला माझी सही चालेनाशी होईल. आणि त्याआधीच एखाद्या दुपारी पंचा दातांतून सुटला, तर तुम्हीही मगदूम सरांच्या शेजारी पायरीवर बसून स्वतःचं नाव सांगत राहाल. हे सगळं त्यांना माहीत होतं. माहीत असूनच ते रोज फोन उचलत होते.

म्हणून ती फक्त म्हणाली, "मलाही आला होता. नाशिकला. पहिल्या शब्दाला कापला मी."

"पुढे ऐकला नाहीस?"

"नाही."

बाबांनी मान हलवली. त्यात कौतुक होतं की कीव, ते तिला कळलं नाही. आई असती तर विचारता आलं असतं.

"मिरची कमी होती पिठल्यात," थोड्या वेळानं बाबा म्हणाले.

"मीठ जास्त होतं."

"तेही होतं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तिच्या आधी तयार होऊन दाराशी उभे होते. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, आई काढून ठेवायची तो. त्यांनी स्वतःहून शोधला असावा, कारण इस्त्रीची घडी उलटी होती.

केंद्राच्या पायरीवर मगदूम सर होते. "मी मगदूम," ते म्हणाले. बाबा थांबले. "ओळखतो की सर," त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाले आणि आत गेले.

आत पुन्हा तेच टेबल. दोघांनी खरोखर प्रयत्न केला. ऋजुतानं नाशिकच्या रुग्णालयाबद्दल सांगितलं. बाबांनी प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. मधे एकदा त्यांनी तिचं वाक्य तोडायचाही प्रयत्न केला, पण तो इतका ठरवून केला होता की दोघंही एकदम थांबली आणि "तू बोल", "नाही, तुम्ही बोला" करत बसली. दिवा केशरीपर्यंत जाऊन लाल झाला.

शेडबाळे बाईंनी आज चष्मा कपाळावर नेला नाही. निधनाचा दाखला त्यांनी वाचलेला होता. त्या काच सरकवून बाहेर आल्या, पदर सावरत टेबलाच्या कडेला टेकल्या.

"एक विचारू का? एरवी कसं बोलता तुम्ही?"

"एरवी?" ऋजुता म्हणाली. "एरवी फोनवर."

"मग तसं सांगायचं नाही का आधी! आत सोय आहे की फोनची. बाहेरगावच्या लोकांसाठी. काका, तुम्ही या बाजूच्या खोलीत. ताई, तुम्ही त्या. समोरासमोर बसवून मी तरी काय हट्ट करायलेय!"

खोली कपाटाएवढी होती. भिंतीला खिडकी नव्हती. एक खुर्ची, एक फोन आणि तोच पिवळा दिवा. ऋजुतानं पलीकडच्या खोलीचा नंबर लावला. पहिल्यांदा ती सूचना वाजली: गेलेल्या माणसाचा फोन आला तर उत्तर देऊ नका. मग घंटी. दोन घंट्यांनंतर फोन उचलला गेला. बाबा घरीही दोन घंट्या होऊ देत.

"हं, कशी आहेस?"

"बरी आहे."

"पाऊस आहे का तिकडं?"

भिंतीपलीकडेच बसलेत, तिच्या मनात आलं. पण तिच्या तोंडून गेलं, "नाही."

"बरं. थांब, आईला देतो."

आणि मग काही नाही.

तिच्या कानात ती जागा तशीच रिकामी राहिली. इथे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज व्हायचा. मग चपलांची फटफट. तिनं नेहमीसारखा श्वास आत घेतला होता, आईचं "बोल गं" आलं की सोडायचा तो. तो तिला सोडता येईना. पलीकडेही श्वास आत गेलेला तिला ऐकू आला आणि तोही सुटला नाही. बाबांना आपण काय बोललो ते कळलं होतं. त्यांनी फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. दोघं वाट बघत राहिली. चपला घालून कुणी तरी यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग ते माणूस येणार नाही हे कळायला जेवढा लागतो तेवढा. मग दोघांचे श्वास सुटले. एकाच वेळी, आणि सारखेच तुटत तुटत.

यंत्राला शब्द कळत नाहीत. त्यानं फटी मोजल्या. वीस वर्षं रोज संध्याकाळी चाललेली तीच चार वाक्यं. माळावर पाऊलवाट पडावी तशी त्यांची वाट पडलेली होती आणि तिच्यावरून दोघंही डोळे मिटून चालू शकत होती. वाट संपल्यावरची शांतताही दोघांनी सारखीच चालून दाखवली होती.

दिवा हिरवा झाला. ऋजुतानं तो बराच वेळ बघितलाच नाही.

"झालं की हो!" बाहेरून शेडबाळे बाईंचा आवाज आला. "पक्कं झालं! कडक हिरवा!" आणि मग, दारातून आत बघितल्यावर, हळू आवाजात, "पाणी आणते."

शेवटचं काम राहिलं होतं. पडद्यावर आईचं नाव होतं, शुभदा श्रीधर जमखंडीकर, आणि त्याखाली दोन रेघा: एक बाबांकडे जाणारी, एक तिच्याकडे येणारी. जुनी खूण पुसायला दोघांनी एकदम बोट ठेवावं लागणार होतं.

"पुसू ना?" शेडबाळे बाईंनी विचारलं.

बाबांनी खिशात कोंबून आणलेला पंचा काढला, बोट पुसलं, कोरडं केलं. मग ऋजुताकडे बघितलं. घंटा द्यावी तशी टेबलावर एकदा टकटक केली. तिनंही केली. मग दोघांनी बोटं ठेवली.

*

त्या दुपारी जेवण झाल्यावर बाबा गॅलरीत जाऊन बसले. फोन स्टुलावर ठेवला. ऋजुता ओटा पुसता पुसता ऐकत होती. भंगारवाला येऊन गेला. समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. फोन वाजला नाही. उन्हं गॅलरीतून उतरली तेव्हा बाबा उठले, फोन आत आणून त्याच्या जागी ठेवला आणि झाडांना पाणी घालायला गेले.

ती परत निघाली तेव्हा ते स्टेशनवर आले. डबा कुठे लागेल ते त्यांना अजून पाठ होतं. गाडी हलली तसं ते काहीतरी म्हणाले, पण आवाजात ऐकू आलं नाही.

नाशिकला पोचल्यावर संध्याकाळी तिनं फोन लावला. दोन घंट्या होऊ दिल्या त्यांनी.

"हं, कशी आहेस?"

"बरी आहे. पोचले."

"पाऊस आहे का तिकडं?"

"नाही."

"बरं."

पुढे ती जागा आली. ऋजुता थांबली. मिरजेला भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, ते तिला ऐकू आलं. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला नाही. चपला वाजल्या नाहीत. बाबांनी श्वास आत घेतला आणि तो कुठे सोडायचा, हे त्यांनाही अजून ठरवता येत नव्हतं. तिनं घाई केली नाही.

"बोल," बाबा म्हणाले.